सांडलेल्या घुगऱ्या

चुडामणने चुलीवरून नुकत्याच उतरवलेल्या हंडीला लाथ मारली. हंडी फुटली. लालसर घुगऱ्या वाफाळत अंगणभर पसरल्या.

"खाऊ नका! कोणी हात लावू नका!" तो ओरडला.

चमेलीबाई पळी धरून तशीच उभी राहिली. तिची दोन पोरं पुढ्यात पानं घेऊन बसली होती. ती रडलीही नाहीत. तिचा सासरा भुरा खाटेवरून उठला आणि या माणसाकडे बघत राहिला. माणूस ओळखीचा होता. दहाच दिवसांपूर्वी याच शेतकी साहेबाने पाड्यावरच्या घराघरात सुधारित ज्वारीचं बियाणं फुकट वाटलं होतं. तेव्हा तो हसून बोलला होता. आज तो दोन्ही हातांनी अंगणातल्या कोंबड्या हाकलत होता.

बियाण्याला कीड लागू नये म्हणून औषध चोळलेलं होतं. दाणे त्यानेच लाल झालेले. पोटात गेले तर माणूस दगावेल, हे चुडामणने वाटतानाच सांगितलं होतं. पण सत्त्याऐंशी सालचा आषाढ होता. आदली दोन वर्षं सातपुड्याच्या पायथ्याला फारसं काही पिकलं नव्हतं. नदीपलीकडच्या पाड्यात एका घराने ते बी धुऊन शिजवलं, तिथली म्हातारी दवाखान्यात आहे, असं त्याला आज सकाळी चहाच्या टपरीवर कळलं. चहा तसाच टाकून त्याने सायकल दामटली ती या पहिल्या घरापर्यंत. आणि पहिल्याच हंडीत लाल दाणे.

"जहर आहे त्यात, जहर!"

एवढा एकच शब्द चमेलीबाईला कळला. पळी टाकून तिने धाकटीच्या तोंडात बोटं घातली. पोर ओकाऱ्या देऊ लागली. पाण्याशिवाय काही पडलं नाही. पोटात काही नव्हतंच.

"जहर?" भुराने विचारलं. "कोनी टाकं?"

"मीच दिलं होतं!"

भुराचा हात कुडाला टेकलेल्या काठीकडे गेला. पण काठी त्याने उचलली नाही. जहर देणारा माणूस 'खाऊ नका' म्हणत धावत कसा येईल? त्याला काही उलगडेना. साहेबाच्या डोळ्यांत तर पाणी होतं.

"ते बी हो, आबा! मी दिलेलं लाल बी!"

भुराने चुडामणचं मनगट धरलं आणि त्याला ओढतच घरामागे नेलं. उताराच्या तुकड्यात, ओळीओळीने, बोटभर उंचीचे हिरवे कोंब उभे होते.

"तुमनं बी आठे शे, साहेब. बठ्ठं, दाना न दाना पेरं. बी काय खावानी चीज शे का?"

चुडामण कोंबांकडे बघत राहिला. "मग... हंडीत काय होतं?"

"जवारी. सून खालना गावमा निंदाले गयथी, तठनी. आनि लाल माठ."

निंदणीच्या मजुरीची ज्वारी. माठाच्या पाल्याने रंगलेली. अंगणातल्या दाण्यांत पानांचे देठही असणार. लाथ मारण्याआधी वाकून पाहिलं असतं, तर दिसले असते.

"घरात आणखी ज्वारी आहे?"

भुराने मान हलवली. नाही. मग त्याने विचारलं. आवाजात राग नव्हता. माहीतगाराला विचारावं तसं विचारलं.

"पीक कार्तिकमा यी. तवलोंग काय खावानं? ते कोना खातामा शे, साहेब?"

चुडामण वळून अंगणाकडे चालू लागला.

ते अंगणात आले तेव्हा चमेलीबाई चिखलातले दाणे सुपात वेचत होती. चुडामण तिच्याशेजारी उकिडवा बसला आणि वेचू लागला. ती अंग चोरून थोडी बाजूला सरकली. बरेचसे दाणे मातीत रुतले होते. शेवटी तो उठला, सायकलला अडकवलेला डबा काढून आणला आणि पोरांपुढे उघडून ठेवला. तीन भाकरी होत्या, वर ठेचा.

पोरांनी हात लावला नाही. त्यांनी आईकडे पाहिलं. आईने सासऱ्याकडे.

भुरा खाली बसला. त्याने भाकरी उचलून नाकाशी नेली, उलटून पाहिली.

"साहेब," तो हळूच म्हणाला, "यामा काही टाकेल नही ना?"

तो टोमणा नव्हता. म्हातारा खरंच विचारत होता.

चुडामणने तिन्ही भाकऱ्यांचा एकेक तुकडा मोडला. ठेच्याला लावून एकामागून एक तोंडात टाकला. तो चावून गिळेपर्यंत सगळं घर त्याच्या गळ्याकडे बघत होतं.