पूर्वरंगानंतरचा हार

"प्रोजेक्टर काही सुरू होत नाही, कावेरी. तोंडीच सांग," धामणकर सर म्हणाले. "पण मागच्या वेळेसारखी पुटपुटलीस, तर संगणकाचा पेपर पुन्हा द्यावा लागेल."

विषय होता, पापडाच्या धंद्यात एक्सेलचा उपयोग. समोर बाहेरून आलेल्या परीक्षक बाई बसल्या होत्या. स्वागताचा हार त्यांनी टेबलावर काढून ठेवला होता. स्लाइड्सचा आधार गेल्यावर कावेरीला आवाजच फुटेना. शेवटी तिने डोळे मिटले आणि एकादशीला गावच्या देवळात कीर्तनाला उभी राहते, तशी उभी राहिली.

"मंडळी, माणूस विसरतो, तक्ता विसरत नाही. वरचा एक आकडा बदला, खालची बेरीज आपोआप बदलते. अहो, प्रपंचात असं कधी होतं का?"

वर्ग हसला. मागच्या बाकावर कोणीतरी पट्टीने ठेका धरला. रंग चढत गेला. पूर्वरंग संपला, तशी कावेरी सवयीने हात जोडून, मान लववून थांबली. देवळात याच वेळी कीर्तनकाराला हार घालतात.

इथे कोणी हलेना.

"पुढचं विसरलीस?" सर कुजबुजले. चूक ध्यानात येऊन तिचे कान तापले.

परीक्षक बाई मात्र उठल्या. टेबलावरचा हार त्यांनी तिच्या गळ्यात घातला आणि चक्क वाकून नमस्कार केला.

"नारदाच्या गादीपुढे परीक्षक कसली मोठी? आता आख्यान लावा, ताई. पापडवालीचं भलं झालेलं ऐकल्याशिवाय मी पेन उचलायची नाही."

धामणकर सरांनी टेबलाखाली हळूच बूट काढले.