जावयाचा रुसवा

"ताटं खाली ठेव!" आप्पा गरजले, आणि कौस्तुभ हातातल्या खरकट्या ताटांसकट जागीच थांबला.

या घरी तो निनादचा रूममेट म्हणून यायचा आणि जेवण झालं की सगळ्यांची ताटं घासून टाकायचा. "आम्ही जोडीदार आहोत," हे निनादने गेल्या महिन्यात आईआप्पांना सांगितलं. तेव्हापासून आप्पा गप्प होते. आजचं आमंत्रण शेवटचंच, असं धरून कौस्तुभने पुरणाचे धोंडे कसेबसे गिळले होते.

"अधिक महिन्यात जावयाने ताट उचलायचं नसतं," आप्पा म्हणाले. "निनाद घासेल."

तेवढ्यात आई ताम्हनात अनारसे आणि तेवता दिवा घेऊन आली. जावयाचं वाण!

टीव्हीवर चौघे जण अशा लग्नांना मान्यता द्यावी का, यावर एकाच वेळी बोलत होते.

"पण आप्पा, कायदा अजून..." कौस्तुभ पुटपुटला.

"कायदा येईल सावकाश. तोवर अनारसे मऊ पडतील." आप्पांनी टीव्ही बंद केला. "आणि जावई म्हटला की रुसायला हवा. मी सासऱ्यांवर घड्याळासाठी रुसलो होतो. तू कशासाठी रुसतोस?"

कौस्तुभने मनापासून प्रयत्न केला. गाल फुगवले, मानही फिरवली. पण डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं आणि रुसवा काही जमेना.

"राहू दे रे," त्याला अनारसा भरवत आई म्हणाली. "पुढचा अधिक महिना तीन वर्षांनी आहे. तोवर सराव कर."