आधी साखर

तात्यांनी त्यांना सांभाळायला येणाऱ्या तानीच्या हातातला पेला उडवला. लिंबाचं सरबत भिंतीवर, फरशीवर आणि तानीच्या साडीवर सांडलं.

"तुझ्या हातचं पिऊ मी? पाड्यावरची घाण घेऊन घरात शिरतेस. हात तरी धुतलेस का?"

नीला शाळेच्या ऑफिसातून नुकतीच घरी पोचत होती. सासऱ्यांचे शब्द तिने दारातच ऐकले. तिला किळस आली, आणि लगेच त्या किळसेची लाजही वाटली. आजारी माणसाची कसली किळस करायची?

तात्या निवृत्त मुख्याध्यापक. भिवंडीतले निम्मे वकील-डॉक्टर त्यांच्या हाताखालून गेलेले, आणि चारचौघांत जिभेवर खडीसाखर. मधुमेह मात्र पंचवीस वर्षांचा, इन्सुलिनवर. डॉक्टरांनी नीलाला नीट समजावलं होतं. मेंदू साखरेवर चालतो. ती उतरली की तो बोंब ठोकतो. घाम येतो, हात थरथरतात, भूक लागते. पण साखर वरचेवर उतरत राहिली की मेंदूही निर्ढावतो आणि बोंब मारायचं सोडून देतो. मग काही कळायच्या आत माणूस भलतंच वागायला लागतो. कुणी चिडतो, कुणी शिव्या देतो. वेळेत साखर पोटात गेली नाही तर शुद्ध जाते, जीवही जातो. "शंका आली की मशीन शोधत बसू नका. आधी साखर," असं त्यांनी बजावलं होतं.

म्हणून तात्यांनी तोंड सोडलं की घरात आधी साखर. ते सरबत प्यायचे, ढेकर द्यायचे आणि पेपर उघडायचे. मग नीला तानीला स्वयंपाकघरात नेऊन म्हणायची, "मनावर घेऊ नकोस गं. ते नाही बोलत, त्यांची साखर बोलते." तानी मान हलवायची आणि खिडकीतल्या आपल्या वेगळ्या कपात चहा ओतून घ्यायची. तो कप तात्यांनीच वेगळा ठेवायला लावला होता. नीलाने तोही आजारपणातच धरला होता. चार वर्षं हे असंच चाललं होतं.

आज तानीने पदर पिळला आणि कोपऱ्यातली पिशवी उचलली.

"उद्यापासून मी येनार न्हाय, वैनी."

नीलाने पिशवीचा बंद धरला. आल्हादची, तिच्या नवऱ्याची, नोकरी पुण्यात. दहा ते चार तात्यांजवळ तानीशिवाय कुणी नव्हतं. या वर्षात तीनदा दुपारी त्यांची साखर उतरली होती, आणि तिन्ही वेळा तानीनेच गूळ भरवून त्यांना वाचवलं होतं.

"थांब, तानी. तुला आकडाच दाखवते," ती म्हणाली. "मग तरी पटेल तुला, त्यांचा दोष नाही ते."

तिने तात्यांचा हात आपल्या मांडीवर घेतला आणि बोटाला सुई टोचली. पट्टीवर रक्ताचा थेंब घेतला.

एकशे अठ्ठेचाळीस.

नीलाने दुसरं बोट पुसलं, पुन्हा टोचलं. एकशे एक्कावन्न. साखर उतरलेली नव्हतीच.

"मला काही झालेलं नाही," तात्या शांतपणे म्हणाले. त्यांनी बोट कापसाने दाबून धरलं होतं. "तू कर सरबत, मी पितो. हिला आधी मोरीवर पाठव."

उच्चार स्वच्छ होते. वर्गात शिकवावं तसे. चार वर्षांत आपण या माणसाला किती पेले सरबत पाजलं, आणि तेवढ्याच वेळा या बाईला गप्प बसवलं, हे नीलाला एकदम कळलं. आता तिला किळस आली ती त्यांचीही आणि स्वतःचीही. या वेळी लाज वाटली नाही. तात्यांचा हात तिने मांडीवरून बाजूला सारला.

"तानी," ती कशीबशी म्हणाली, "साखर बरोबर आहे गं त्यांची."

"मना ठावं हाय," तानी म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. "दुपारी खरीच साकर उतरली का ते मना आये म्हनतात, न् माझ्या हातचा गूळ खातात."

"आणि शिव्या?"

"शिव्या ते बरे असतात तवा देतात, वैनी."