शिशाच्या खाणीत स्वच्छता मोहीम

"काका, भिंतीवरचे खडूचे बाण कुठे गेले?" इंग्लंडातल्या एका खेड्याखाली, शंभर वर्षांपूर्वी बंद पडलेल्या शिशाच्या खाणीत, डोक्यावरची बत्ती गरगर फिरवत माझा पुतण्या श्रीरंग ओरडला. परतीची वाट सापडावी म्हणून त्यानेच प्रत्येक वळणावर ते काढले होते.

"मी पुसले." मी अभिमानाने ओला रुमाल दाखवला. "गडावर नावं खरडणाऱ्यांना काठीने बडवणारा माणूस मी. परक्यांच्या भिंती घाण होऊ देईन?"

"अहो, अकरा फाटे आहेत इथे! मरू आपण!"

"रडू नकोस. आल्यापासून शेंगा खातोय मी. टरफलांच्या मागावरून सरळ बाहेर पडायचं. टरफलं उचलणं आपल्या रक्तातच नाही, ते आज कामी येतंय बघ."

मी बत्ती खाली वळवली. जमीन नुकती झाडून काढल्यासारखी लख्ख!

सगळ्यात मागून येणारी त्याची इंग्रज बायको शाबासकीच्या आशेने हसली आणि टम्म फुगलेली पिशवी तिने माझ्या हातात ठेवली.

"काका, तुम्ही भिंती साफ केल्या ना? मी जमीन केली!"