शेंड्यावरची रेंज

गावात रेंज फक्त देवळामागच्या मोहाच्या झाडावर, म्हणून घराघराला फांद्या वाटून दिलेल्या. मधुकररावांच्या वाट्याला नेमका शेंडा. आज लेकीला पाहायला पाहुणे यायचे, तर चहाचं आधण ठेवतानाच गॅस संपला. तुमसरचा सिलिंडरवाला दारातून म्हणे, "ओटीपी सांगा, नाहीतं गाडी वापस." धोतर खोचून, मोबाइल काढणाऱ्याला अन् स्वतःच्या गुडघ्यांना शिव्या देत मधुकरराव चढले. "आला का जी?" खालून बायको ओरडली. "मुंगळे आले!" ओटीपी आला तेव्हा गाडी वळणापार गेलेली आणि झाडाखाली पाहुणे माना वर करून उभे. सोयरीक बुडाली समजून मधुकररावांनी डोळेच मिटले. तेवढ्यात फांदी वाकली. मुलाचे वडील चपला काढून, धापा टाकत शेजारी टेकले. मोबाइल आभाळाकडे धरत म्हणाले, "पोरगी मंग पाहू, व्याही, आधी सरका थोडे. आमच्या गावात तं झाडबी नाही."