धुतलेली घोंगडी

मागच्या ऑपरेशननंतर भूल उतरताना बबीनं किंचाळत सलाईनची सुई उपटली होती. म्हणून यावेळी डॉक्टरीणबाईंनी बजावलं, "ती रोज पांघरते तेच आणा." परभणीच्या दवाखान्यात न्यायची म्हणून आईनं घोंगडी दोनदा साबण लावून धुतली. "धुतली कशाला? ओळखीच्या वासासाठीच मागवली होती!" ऑपरेशन झाल्यावर घोंगडी हुंगून डॉक्टरीणबाई हळहळल्या. तेवढ्यात भूल उतरू लागली, बबीनं पाय झाडले. नर्सनं तिचा सुईचा हात घट्ट धरला. बापानं डोक्याचं मुंडासं सोडलं, कळपामागं फिरून मळलेलं. "बाई, हे चालंल का? मेंढरांचा लय वास हाय." "द्या लवकर!" त्यानं ते लेकीच्या गालाशी ठेवलं. बबीनं त्यात नाक खुपसलं. पाय थांबले. डोळे न उघडताच ती पुटपुटली, "आबा, मेंढरं सोडली का?" "न्हाई माय," बाप तिच्या कानाशी वाकला, "तुजीच वाट बघायलीत." नर्सनं धरलेला हात हळूच सोडला.