न सांगता वळखलं

"मी तोंडातनं शब्द काढला न्हवता, तरी महाराज म्हणालं, बनुबाई, तुमचा डावा हात बधिर पडतोय." आईचं हे पुराण ऐकून ऐकून कृष्णातचं डोकं उठलं होतं. फौजेतनं रिटायर होऊन तो उंब्रजला घरी आला, तर आई सदानकदा मठात. आता तर ती कायमचीच तिकडं राहायला निघाली होती; भरलेली पिशवी सकाळपासून सोप्यात तयार होती.

वैतागून तो गुरुवारी स्वतःच मठावर गेला आणि स्वयंपाकघराच्या दाराशी ठाण मांडून बसला. महाप्रसादाच्या चपात्या लाटता लाटता बायका एकमेकींना आपापली दुखणी सांगत होत्या. त्यांच्यातच बसलेली मठाची सेवेकरीण सगळं ऐकून घेत होती आणि मधनंच उठून महाराजांच्या खोलीत जात होती.

घरी येताच त्यानं आईपुढं सगळं बिंग फोडलं. "आता तरी डोळं उघड, आई. कसला चमत्कार अन् कसलं काय. तुमी बायका त्या सेवेकरणीला सांगताय, अन् ती जाऊन त्याच्या कानावर घालतीया."

बनुबाईनं पिशवीचा बंद ओढून घट्ट बांधला.

"मला ठावं हाय रं. गणपतीत तुझ्या बायकोलाबी मी हाताचं सांगितलं हुतं, अन् तिनंबी ते तुझ्या कानावर घातलं हुतं. पर मला बोलावून इचारलं, ते महाराजांनीच."